मानाऊसमध्ये मुलुंडकर

आम्ही तिघं भेटलो की कामाचं बोलणं दहा मिनिटं आणि मानाऊसचे किस्से दोन तास! ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या जंगलात, नदीकाठचं हे जुनं बंदर. तिथल्या जंगल-परिषदेत मुलुंडच्या खाडीतल्या तिवरांसाठी मला बोलायला मिळणार होती फक्त पाच मिनिटं. ती वाचवण्याचं तीन वर्षांचं भांडण पाच मिनिटांत! सोबत मित्र संकेत आणि आमची रोपवाटिका सांभाळणाऱ्या मालवणच्या परबकाकू.

*

गाइडने रबराच्या व्यापारातल्या पैशातून उभं राहिलेलं भव्य नाट्यगृह दाखवलं. मी पेटलेच. "ही लूट आहे! मजुरांच्या घामावर बांधलंय हे!"

तो शांतपणे म्हणाला, "माझे पणजोबा त्याच मजुरांतले. म्हणून मी रोज आत जातो. एसी काय झकास आहे!"

'झकास' त्याला संकेतने तासाभरापूर्वीच शिकवलं होतं.

*

नदीवरच्या बोटीत सीट नसते. ज्याने त्याने आपली झोपायची झोळी हुकाला टांगायची आणि आडवं व्हायचं. संकेतने धावत जाऊन हुकावर रुमाल टाकला. "जागा पकडली यार!"

एका आजीने रुमालाची घडी करून तो परत दिला आणि तिथे स्वतःची झोळी बांधली. त्याने दुसऱ्या हुकावर टाकला. तिच्या मुलीने परत दिला. तिसऱ्यांदा आजी उठली, रुमाल घेतला आणि त्याचं घामेजलेलं तोंड पुसून दिलं!

*

मासळीबाजारात काकूंएवढा मासा होता. काकूंनी कल्ला उचलून पाहिला. "शिळो आसा!"

विक्रेत्याला मालवणी शून्य. तरी तो मुकाट्याने आत गेला आणि ताजा घेऊन आला.

*

गावाबाहेर एक काळी नदी आणि एक गढूळ नदी शेजारी शेजारी वाहतात, पण कितीतरी अंतर मिसळतच नाहीत. सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले.

संकेत म्हणाला, "सेम आमची ए विंग आणि बी विंग!"

*

परिषदेत माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी पोचते तोच परबकाकू स्टेजवर! हातात शाल, नारळ.

"काकू, वेळ सुरू झालाय!"

"गप गो! अध्यक्षांचो सत्कार केल्याशिवाय भाषण? लोक काय म्हणतले?"

अध्यक्ष म्हणजे जंगलातल्या एका वस्तीच्या प्रमुख, म्हाताऱ्या बाई. त्या उकाड्यात काकूंनी त्यांना लोकरीची शाल पांघरली, नारळ दिला आणि फोटोसाठी तोंड वळवलं. संकेतचा फोन हँग! "काकू, परत एकदा ना!" शाल काढली, परत पांघरली.

चार मिनिटं गेली. वाट लागली! माझ्या डोळ्यांत पाणी. कसंबसं सुरू केलं, "आमच्या खाडीत..." तेवढ्यात वेळ मोजणाऱ्याने टेबलावरच्या घंटेकडे हात नेला.

म्हाताऱ्या बाईंनी घंटा उचलली, शालीखाली घेतली आणि मला खूण केली: बोल!