दसरूकाकांची बोडी, सात ओळींत

क्लासमध्ये मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं. आमगावच्या आमच्या कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या, क्लासचे किस्से मी वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. आता पुढची पानंही भरत आली आहेत!

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "माऊसला हात लावायचा नाही. नोटपॅडमध्ये ओळीने कमांड लिहा, ती झाली स्क्रिप्ट. ती चालवा. कॉम्प्युटर स्वतः आकृती काढेल."

माझी मैत्रीण पौर्णिमा म्हणाली, "मंग माऊस कायले ठेवला, सर?"

"हळद-कुंकू वाहायला!"

*

शाळेच्या सवयीने पौर्णिमाने प्रत्येक ओळीनंतर एक ओळ सोडली. स्क्रिप्टमध्ये रिकामी ओळ म्हणजे एंटर, आणि एंटर म्हणजे मागचीच कमांड पुन्हा. कॉम्प्युटर वर्तुळामागून वर्तुळ मागत बसला.

सर वैतागले, "अरे यार, ये तुम्हारी मॅडम नहीं है. सुंदर वहीचे मार्क नहीं देगा!"

*

क्लासमध्ये सगळ्यात मोठे दसरूकाका, वय साठ. त्यांच्या गावची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारा छोटा तलाव, तिची मातीची पाळ खचली आहे. दुरुस्तीसाठी त्यांनी हाताने काढलेला नकाशा ग्रामसभेत नेला, तर "कच्चा आहे" म्हणून परत आला. म्हणून काका कॅड शिकायला आले!

बोडीचा साधा चौकोन काढणारी त्यांची पहिली स्क्रिप्ट चालली, पण स्क्रीन काळीच.

"काऊन जी, बुडाली का?" काका म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "सगळं दिसेल असं झूम करा ना." चौकोन दूर कोपऱ्यात बसला होता.

सर हसले, "तुझ्यासारखाच आहे हा. असतो, पण दिसत नाही!"

*

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी काकांनी पावलांनी मोजलेली मापं सांगितली, मी टाइप केली. सात ओळी! पाळ वळणासकट उमटली, पण एक बाजू उघडीच.

आकृती बंद करायला शेवटी 'सी' लिहायचा, हा सरांचा नियम. मी लिहिला. काकांनी लगेच पुसायला लावला.

"काका, उद्या पुन्हा कच्चा म्हणतील!" सर म्हणाले.

"म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आणि मी काकांबरोबर ग्रामसभेला गेलो. तालुक्याच्या साहेबांनी प्रिंट उलटसुलट पाहिली.

"मापं बरोबर आहेत. नकाशा पक्का," साहेब म्हणाले. मग त्यांनी पेन उघडलं आणि त्या उघड्या बाजूवर टेकवलं. "सही इथे करतो. इथे रिकामी जागा आहे."

काका ताडकन उठले, "तेथं नोका करू, साहेब! तेथून पाणी येते!"