तीन बोटं आणि नऊ हिरडे

मी तीन बोटं वर केली. चंपाने डब्यातून नऊ हिरडे काढून माझ्यापुढे ठेवले. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी नेमके दारात उभे होते. म्हणाले, "बाई, इन्स्पेक्शनला आठ दिवस राहिले. तोवर हिला दहापर्यंत मोजता आलं नाही, तर रजिस्टरमधून नाव काढा."

चंपा पाच वर्षांची, जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. औंढ्याला आमचा शिशुवर्ग होता. लोणावळ्याहून मी रोज पायी जायची. छत्तीस पोरं आणि एकटी मी. घसा दुपारपर्यंत बसायचा, पाय त्याच्याही आधी बोलायला लागायचे. मुक्या मुलांसाठी खुणांची भाषा असते एवढं ऐकून होते, पण ती शिकवणार कोण? मग माझ्या मनाने खुणा ठरवल्या. एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. तरी ही पोर दर वेळी भलतेच हिरडे आणायची. शेवटी मी कंटाळले. हिच्या डोक्यात शिरत नाही, असं मनाशी ठरवून मोकळी झाले.

नाव निघणार हे चंपाच्या आईला सांगणं भाग होतं. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. तानूबाई अंगणात हिरडे निवडत होती, चंपा शेजारी. मी अडखळत सांगितलं. तिने लेकीपुढे एक बोट धरलं. चंपाने तीन हिरडे ठेवले. दोन बोटं धरली, सहा ठेवले.

"तिला येतंय की, बाई," तानूबाई म्हणाली. "बोटाला तीन पेरं. आमी सारी तशीच मोजतो. तुमी कशी मोजता?"

काय सांगणार, कपाळ? मे महिन्याच्या सुट्टीला किती दिवस उरले, हे मी स्वतः अंगठा पेरांवर फिरवतच मोजायची. वर्गात शिरलं की मात्र पुस्तकातलं बोट. माझी मलाच लाज वाटली, रागही आला. परतीची वाट त्या दिवशी फार लांबली.

दुसऱ्या दिवसापासून खूण बदलली. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर म्हणजे एक. मधल्यावर दोन, वरच्यावर तीन, मग शेजारचं बोट. चंपाला शिकवावं लागलंच नाही. फायदा झाला तो बोलणाऱ्या पोरांचा. ती वीसपर्यंत गाण्यासारखं घडाघडा म्हणायची, आणि पाच हिरडे आण म्हटलं की मूठ भरून आणायची. म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं, हे लहान मुलांच्या बाबतीत फार उशिरा ध्यानात येतं. आता एका पेराला एक हिरडा. गडबड करणाऱ्याचा अंगठा धरून चंपा तो मागच्या पेरावर नेऊन ठेवायची. माझ्या घशाला जरा आराम मिळाला.

इन्स्पेक्शनला दिपोटी साहेब आले. शाळातपासनीसाला तेव्हा सगळे दिपोटीच म्हणायचे. बरोबर सेक्रेटरी होते, दहापर्यंतची अट त्यांनी साहेबांना सांगितली होती. त्यांनी चंपाला सात हिरडे आणायला लावा म्हणून सांगितलं. मी अंगठा मधल्या बोटाच्या खालच्या पेरावर ठेवला. तिने बरोब्बर सात आणले.

साहेब म्हणाले, "तुम्ही तिसरं बोट दाखवलंत. तिने सात आणले. चूक आहे."

सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलंसुद्धा. मला वाद घालायचं त्राण नव्हतं. पण चंपा माझ्या तोंडाकडे बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून.

"साहेब," मी विचारलं, "आपण जप कसा मोजता?"

त्यांचा अंगठा आपोआप करंगळीवर गेला. तिथून एकेक पेर वर सरकला. त्यांनी स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. मग त्यांनी तोच हात चंपापुढे धरला, अंगठा तर्जनीच्या मधल्या पेरावर. चंपाने हिरडे मांडले. साहेबांनी दोनदा मोजले. अकरा होते.

"दहापर्यंतचं ठरलं होतं ना?" ते सेक्रेटरींना म्हणाले. "नाव राहू द्या."

नाव राहिलं. माझ्या रिपोर्टात शेरा आला, की शिक्षिकेने खुणा वारंवार बदलू नयेत. तो मी सही करून घेतला.

पुढे शिशुवर्ग चालवायला आलेल्या नव्या बायकांना शिकवायची वेळ आली, तेव्हा मी एवढंच सांगायची. मूल चुकलं म्हणण्याआधी ते घरी कसं मोजतं ते बघून या. त्या माना डोलवायच्या, मला मोठी अनुभवी समजायच्या. मी तरी कुठे बघायला गेले होते? मी नाव काढतेय हे सांगायला गेले होते.