सात दिवस खाली मान

पस्तीस वर्षं सलूनवाल्या काकांनी लोकांच्या माना वाकवल्या. मोठमोठे साहेबसुद्धा त्यांच्या खुर्चीत बसले की दोन बोटांच्या इशाऱ्यावर मुकाट्यानं हनुवटी छातीला लावत. आता डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरबाईंनी काकांचीच मान खाली घातली. तीही सात दिवस!

"डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर वर जातो. तुम्ही खाली बघितलंत, तरच मागच्या पडद्याला दाबून धरेल."

काकांच्या डोळ्यांपुढे वस्तरा आला. एका डोळ्याच्या अंदाजावर गळ्यापाशी वस्तरा कोण फिरवून घेणार?

घरी काकूंचा कडक पहारा. चहा स्ट्रॉनं, झोप पालथी. भेटायला येणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. शेवटी काकूंनी जमिनीवर आरसा ठेवला, तसे काका खुलले. उभा जन्म ते माणसांशी आरशातूनच तर बोलत आले होते.

"काय हो, हे कल्ले कुणी कापले?" त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला दरडावलं.

"समोरच्या सलूनमध्ये... तुम्ही आजारी म्हणून हो!"

"डोळा माझा बिघडलाय. त्या समोरच्याला काय झालंय?"

पाचव्या दिवशी दुपारी मात्र घात झाला. टेबलावर कपाळ टेकून बसलेल्या काकांना डुलकी लागली आणि ते दचकून जागे झाले, तर समोर छत! दाढीला बसलेलं गिऱ्हाईक मागे रेलून घोरतं, अगदी तस्से. किती वेळ, देव जाणे. त्यांनी झटकन मान खाली घातली. काकूंना सांगायची छाती होईना. दोन दिवस घास उतरेना.

तपासणीला बसताच ते डॉक्टरबाईंपुढे भडाभडा बोलून मोकळे झाले. बाईंनी प्रकाश टाकून बराच वेळ डोळा पाहिला.

"पडदा छान बसलाय. तेवढ्याशा डुलकीनं काही बिघडलं नाही. करा मान वर. फक्त एवढ्यात उताणे झोपू नका."

"पण किती वेळ तसा होतो कोण जाणे..."

"चार मिनिटं," मागून काकू म्हणाल्या. "दूध उतरवायला गेले होते तेवढीच. परत येऊन मीच दाराची कडी वाजवली, म्हणून तर जागे झालात."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, यांना कळलं नसेल तर बरंच. दोघांनी कशाला घाबरायचं?"

काकांनी मान वर केली. बुडबुड्याआड बायको पाण्यातल्यासारखी हलत होती, तरी तिचे जागरणानं सुजलेले डोळे दिसलेच.

"घरी चला," काकू पिशवी उचलत म्हणाल्या. "आज मी झोपणार. तुम्ही बसा जागे."