जपानी अण्णा

भिंगारच्या आमच्या गल्लीत कमरेत वाकून नमस्कार करणारा एकच माणूस होता. दोन्ही हात मांड्यांना लावायचे आणि संथपणे खाली वाकायचं. धोतर, पागोटं, झुपकेदार मिशा, आणि हा असा नमस्कार. तो मामलेदाराला जसा मिळे, तसाच कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या बायकांनाही मिळे. अण्णांनी तो आपल्या जपानी साहेबाकडून उचलला होता. सगळे त्यांना ‘जपानी अण्णा’च म्हणत.

अण्णा मूळचे तिसगावचे. घरची कोरडवाहू जमीन भावाकडे सोपवून ते एका जपानी कंपनीचे कापूस खरेदीदार झाले होते. कंपनीने आपलं भांडवल घालून आमच्याकडे मोठा जिन उभारला होता. तिथे कापसातून सरकी निघे, रुईच्या गाठी बांधल्या जात, त्या मुंबईला आणि पुढे बोटीने जपानला जात. त्याच रुईचं कापड होऊन परत आमच्या कापडबाजारात येई. दुकानात टांगलेल्या ताग्यावरून हात फिरवत अण्णा म्हणत, “मास्तर, ह्यो आमचा तिसगावचा कापूस. समिंदर बघून आलाय.”

मास्तर म्हणजे माझे वडील. ते शाळेत शिकवत आणि खादी वापरत.

“अण्णा, कापूस आपला, मजुरी आपली, आणि नफा तेवढा त्यांचा,” वडील म्हणत.

“खरं हाय. पन आपल्यातल्या कुनी जिन काढला असता, तर मी तिथं गेलो असतो. कुनी काढलाच न्हाई, मास्तर.”

गाड्या घेऊन येणारे शेतकरीही कधीकधी विचारत की, हे लोक उद्या निघून गेले तर? अण्णा हसून म्हणत, “अरं, येवढं यंत्र काय खांद्यावर टाकून नेत्यात व्हय?”

साहेब तरुण होता. घरात बायको आणि तान्ही मुलगी. रविवारी तिघंही अण्णांच्या ओसरीवर भाकरी खायला येत. अण्णांचा एकुलता मुलगा दत्तू साहेबाला मराठी शिकवी, आणि ‘ळ’ म्हणताना साहेबाची जीभ अडली की अण्णांची बायको, आमच्या काकू, पदराआड हसत. त्याने काकूंना निळ्या नक्षीचे चिनी मातीचे चार पेले दिले होते. ते फक्त सणाला निघत. पुढे दत्तू पलटणीत भरती झाला आणि त्याची तुकडी बोटीने मलायाकडे गेली. निघताना तो आईबापाच्या पाया पडला, तसाच साहेबाच्याही पडला.

ऐन हंगामात जपान लढाईत उतरलं. दुसऱ्याच दिवशी जिनाला सील लागलं आणि साहेबाला बायको आणि मुलीसह न्यायला पोलिसांची मोटार आली. अण्णा फडक्यात भाकऱ्या बांधून धावले. जमादाराने त्यांना काठीने अडवलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानेच ते फडकं घेऊन साहेबाच्या बायकोच्या मांडीवर ठेवलं. साहेब काचेतून म्हणाला, “अण्णा, दत्तू...” मोटार गेली.

जिनातल्या बायका घरी बसल्या. अण्णांना चौकशीला दोनदा ठाण्यात नेलं. गल्लीतली पोरं त्यांच्या पाठीमागे ‘हेर, हेर’ ओरडू लागली. अण्णांनी त्यांना कधी दटावलं नाही.

मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. दत्तूचा काहीच ठावठिकाणा कळेना. एका दुपारी काकूंनी फडताळातले पेले काढले आणि एकेक करून अंगणातल्या दगडावर आपटले. आम्ही शेजारचे सगळे दारात आलो होतो. काकू आत गेल्यावर अण्णा खाली बसले आणि कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून ठिकऱ्या हातानेच गोळा करत राहिले.

सरकारने पुढे जिन लिलावात काढला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तो घेतला आणि यंत्रं सुटी करून नेली. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. वडिलांना म्हणाले, “गेलं की, मास्तर, खांद्यावर टाकून.”

लढाई संपल्यावर दत्तूच्या तुकडीतला एक शिपाई सुटून आला. जपान्यांनी कैद्यांना कुठल्याशा बेटावर विमानतळ बांधायला नेलं होतं. तिथे दत्तू तापाने गेला. एवढं सांगून तो ओसरीवर रडत बसला आणि काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“अण्णा, राग नाही येत?” वडिलांनी एकदा विचारलं.

“येतो की. पन ज्याच्यावर धरायचा, त्याचं तोंड मी बघितलेलं न्हाई. अन् ज्याचं बघितलंय, त्याच्यावर धरवत न्हाई.”

स्वातंत्र्यानंतर मुंबईहून एक दलाल आला. त्याच कंपनीला पुन्हा इथला कापूस हवा होता. जिन स्थानिक माणसाचा भाड्याने घेणार होते, आणि खरेदीदार म्हणून त्यांना अण्णाच हवे होते. अण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

“आमचं पोर ज्यांनी नेलं ते येगळे, अन् कापूस घेनारे येगळे, हे मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पन माझ्या हाताला कळत न्हाई. मी त्यांच्या मानसाला च्या करून देनार न्हाई.”

दलाल चहाशिवाय उठला. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला घेऊन तिसगावच्या बाजाराला गेले. शेतकऱ्यांशी गाठ घालून दिली, भाव ठरेपर्यंत बसले आणि परत आले. नोकरी घेतली नाही, दलालीही नाही. “शेतकऱ्यांच्या कापसाला गिऱ्हाईक मिळालं पायजे,” एवढंच म्हणाले. हंगाम सुरू झाला तशा गल्लीतल्या बायका पुन्हा कामाला जाऊ लागल्या.

पुढल्या वर्षी माझं लग्न ठरलं. सासर दूर, खानदेशात; माणसं कधी न पाहिलेली. लग्नानंतर निघताना मी अण्णांच्या पाया पडले आणि मला हुंदका आवरेना.

“परक्या घरी चाललीस,” ते म्हणाले. “जीव लाव. भिऊन राखून ठिवू नको. मी परक्यांना लावला, पोरी. लई दुखलं. पन पस्तावा न्हाई.”

काकू माझी ओटी भरत होत्या. अण्णांचं बोलणं ऐकून त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सुपातले आणखी ओंजळभर तांदूळ माझ्या पदरात घातले.