नेढं

उशीच्या अभ्र्याची शिवण उसवली होती, म्हणून सुईदोरा घेऊन खिडकीशी बसले. दोरा ओठांनी ओला केला, पीळ देऊन टोक काढलं, तरी तो सुईच्या नेढ्याच्या कधी अलीकडून जाई, कधी पलीकडून. आणि एकदम माझीच एक जुनी कविता आठवली. विशीत लिहिलेली. तिच्यातली म्हातारी अशीच उजेडाकडे सुई धरून बसते. दोरा म्हणजे निसटलेलं तारुण्य आणि नेढं म्हणजे काळाचं मिटत चाललेलं दार, असं मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत समजावलं होतं. आज नेढंच दिसत नव्हतं, तर त्यातून काळ कुठला दिसणार!

"द्या इकडे, आई," म्हणत सुनेने सुई घेतली आणि बोलता बोलता ओवूनही दिली. दोरा चांगला दोन हात लांब घेतला होता तिने, मला लगेच पुन्हा ओवावं लागू नये म्हणून.

"काय बघताय एवढं?"

"काही नाही गं."

मी तिची बोटं बघत होते. अशीच न थरथरणारी बोटं मलाही होती, आणि ती होती तेव्हा मी म्हातारपणावर कविता लिहीत बसले होते.