चोवीस तासांचा नियम

राज्यघटना लागू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तलासरीच्या बाजूच्या एका चौकीत मी नवा शिपाई होतो. एका बागाईतदाराची बैलजोडी नाहीशी झाली आणि त्याने आपल्या जुन्या गड्यावर संशय घेतला. गडी वारली जमातीचा, चाळिशीचा, अंगाने काटकुळा. संध्याकाळी मीच त्याला झोपडीतून उचलून आणलं.

आमचे हवालदार इंग्रजांच्या अमदानीत भरती झालेले. ते वैतागून म्हणाले, "पूर्वी सकाळपर्यंत कबूल झाला असता. चोवीस तासांत कोर्टापुढे उभा करा, हे तेव्हा कोणी मनावर घेत नसे; आता म्हणे घटनेतच लिहिलंय. पुस्तक बघून राज्य चालतं का कुठं?"

मला ते पटलं होतं. माझेही हात शिवशिवत होते. पण डहाणूचे मॅजिस्ट्रेट आरोपीला सदरा काढायला लावून पाठ बघतात, असं सगळे सांगत. त्या धाकाने आम्ही त्याला बोट लावलं नाही.

सकाळी एसटी आलीच नाही. पायी निघालो. त्याच्या बायकोने पानात बांधून दिलेली नाचणीची भाकरी त्याने वाटेत मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मला भूक होती, मी घेतली.

"दादा, तिथं मारतात काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग नेता कशाला?"

उशीर होतोय म्हणत मी पाऊल उचललं.

दुपार कलल्यावर कोर्टात पोचलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद वाचला. "पुरावा काय?"

"मालकांचा संशय आहे, साहेब."

त्यांनी मान वर करून त्याला विचारलं, "तुला काही सांगायचंय?" तो मागे वळून बघायला लागला. साहेब दुसऱ्या कोणाला विचारतायत असं त्याला वाटलं. मी खूण केली तेव्हा हळूच म्हणाला, "ती जोडी मी चारलीय. उन्हाच्या दिसांत दावं तोडून नदीकडं जाते. पलीकडच्या गावाच्या कोंडवाड्यात बघितलं का कोणी?"

कोणीच बघितलं नव्हतं. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. साहेबांनी त्याला जातमुचलक्यावर सोडलं आणि मला नदीपलीकडे जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बैल त्याच कोंडवाड्यात उभे होते.

त्या रात्री मारून कबुली मिळाली असती, बैल मिळाले नसते. आणि एका निरपराध माणसाच्या पाठीवरचे वळ जन्मभर माझ्या नावावर राहिले असते. पुढे तीस वर्षं नोकरी केली. घटनेमुळे कामं रखडतात अशी कुरकुर पुष्कळ ऐकली, कधी मीही केली. पण घटनेने त्या रात्री मला अडवलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

बैल मिळाल्याचं सांगायला मी त्याच्या पाड्यावर गेलो. खाकी कपडे बघून बायको घाबरली, तो मात्र बाहेर आला. मी सगळं सांगितलं. आता रागावेल, चार शब्द ऐकवेल, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

त्याने एवढंच विचारलं, "कोंडवाड्यात त्यांना पाणी दिलं होतं ना?"