किल्ल्याच्या खिडक्यांना रेडियम

खंडोजींच्या जबड्याची जखम भरत नाही आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. उन्हाळ्यात त्यांनी दाढ काढून घेतली. दिवाळी तोंडावर आली तरी तिथून पू येतोच आहे.

खंडोजी आमच्या देवासातले घड्याळजी. घराणं पवार राजांबरोबर इकडे आलेलं. राजवाड्यातल्या घड्याळांना किल्ली द्यायचं काम वडिलांकडून आलं, ते संस्थानाबरोबर गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ते फौजेच्या एका कारखान्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे चमकणारे आकडे रंगवत. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, ही तिथलीच सवय. लढाई संपून तप उलटलं, तरी लिलावातली घड्याळं आणून तबकड्या खरवडणं, नवा रंग देणं चालूच आहे. खरवडलेली भुकटी ते कुंकवाच्या जुन्या करंड्यात साठवतात.

बायको गेली, मूलबाळ नाही. दिवाळीत गल्लीतली मुलं मातीचा किल्ला करतात, तेव्हा खंडोजी ती भुकटी डिंकात कालवून खिडक्यांना लावतात. दिवे मालवले की खिडक्या उजळतात. मग सारी गल्ली जमते. लोक त्यांना आपणहून बोलावतात ते एवढ्यासाठीच. दिवाळीनंतर किल्ल्याची माती विहिरीकाठच्या वाफ्यात पडते. तिथली मेथी आम्हीच खातो.

परवा पेपरात वाचलं, विलायतेत अणुभट्टीला आग लागली आणि आसपासच्या गावांचं विषारी झालेलं दूध ओतून टाकलं. कॉलेजात शिकलेलं आठवलं: रेडियमही तसलंच विष, हाडांत जाऊन बसतं.

मी खंडोजींकडे गेले. इंदूरला जबडा दाखवा, यंदा किल्ल्याला ते लावू नका, म्हटलं. ते एका बाजूनेच हसले.

"वहिनी, सारी लढाई घड्याळं चाटली मी. अब क्या खा जाएँगी मुझे?"

"मग ती भुकटी तरी लांब कुठे पुरा."

"उजेड कुणी केरात टाकतं का? आणि अंधाऱ्या किल्ल्याला मला बोलावणार कोण?"

मी घरी परतले. माझी विद्युल्लता यंदाच्या किल्ल्यासाठी त्याच वाफ्यातली माती मळते आहे. उद्या संध्याकाळी खंडोजी येणार. मुलीला घरात कोंडता येईल. बाकीच्या मुलांचं काय? आणि त्यांचं स्वतःचं?

थकले आहे. मी करंडा अडवला तर ते पुन्हा आमच्या दारात यायचे नाहीत. न येवोत, करंडा मी अडवणारच. माझा भाऊ इंदूरला डॉक्टर आहे. सकाळी तारघर उघडलं की त्याला ट्रंककॉल लावणार, खंडोजी इंदूरला येत नाहीत, तूच दुपारच्या मोटारीने ये म्हणून.